विरजण कोणी विकत घेतं का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत स्पायडर प्लँटवर अर्धं पान लेख आला. फोटो देखणे होते. पांढऱ्या चिनी मातीच्या कुंडीत झाड, शेजारी काचेच्या पाच बाटल्या, प्रत्येकीत पाणी आणि पाण्यात पाय सोडून बसलेलं एकेक पिल्लू, म्हणजे या झाडाच्या दांड्याला लोंबतं ते छोटं रोप. खाली किंमत : कुंडीसकट साडेतीनशे रुपये. लेख वाचता वाचता माझा चहा निवला. हे झाड घरातली हवा शुद्ध करतं, पिल्लं कापून पाण्याच्या बाटल्यांत ठेवा म्हणजे घर सजतं, आणि वर 'आजच विकत आणा'!

मी ठाण्यात, नौपाड्यात राहतो. टेलिफोन खात्यात केबल जॉइंटर म्हणून लागलो तेव्हा ते बॉम्बे टेलिफोन्स होतं, १९८६ साली त्याचं महानगर टेलिफोन निगम झालं, आणि मी तिथूनच निवृत्त झालो. रस्त्याच्या खड्ड्यात उतरायचं आणि शेकडो तारांच्या जोड्या एकेक करून जोडायच्या, हे माझं काम. झाडांचं शिक्षण शून्य. पण हे एक झाड माझ्या घरात १९९१ पासून आहे, मधली काही वर्षं सोडून. ती मधली वर्षं का सोडायची, ते पुढे सांगतो.

त्या वर्षी जुलैत एका एक्स्चेंजमध्ये काम होतं. तिथल्या एका ऑपरेटर बाईंच्या खिडकीत हे झाड लोंबत होतं. मी बघतोय म्हटल्यावर त्यांनी एक पिल्लू तोडलं, ओल्या फडक्यात गुंडाळलं आणि माझ्या रिकाम्या डब्याच्या वरच्या कप्प्यात ठेवून दिलं. घरी आलो. आमच्या हिने घासायला म्हणून डबा उघडला, पानं हातात घेऊन उलटसुलट केली आणि म्हणाली, "फोडशी? एवढीशी? एका माणसाची तरी होईल का भाजी?"

ही शहापूरकडची. पाऊस पडला की तिच्या माहेरी फोडशी रानातून यायची. ठाण्यात अजूनही मृगानंतर जांभळी नाक्याकडे जाताना रस्त्याच्या कडेला आदिवासी बाया फोडशीच्या जुड्या घेऊन बसलेल्या दिसतात. कोणी तिला कुलू म्हणतं. पातीसारखी पानं, आतला पांढरा जाड दोर काढून टाकायचा, बारीक चिरायची, कांदा-लसूण-मिरची आणि भिजवलेली डाळ घालून परतायची. हिच्या बोलण्यावर मी तेव्हा हसलो. पुष्कळ वर्षांनी कळलं की बाई अगदी चुकली नव्हती. फोडशी, सफेद मुसळी आणि हा स्पायडर एकाच जातकुळीतले, तिघांचं शास्त्रीय आडनाव क्लोरोफायटम. स्पायडर मूळचा आफ्रिकेचा. सफेद मुसळीच्या नावात मात्र चक्क आपली बोरिवली आहे : क्लोरोफायटम बोरिव्हिलिएनम. झेवियर्स कॉलेजचे फादर सांतापाव आणि त्यांचे सहकारी फर्नांडिस यांनी ते नाव ठेवलं. म्हणजे आपल्या येऊरच्या डोंगराच्या पलीकडच्या उतारावरचं नाव. तुमच्या लेखात झाडाला 'विदेशी पाहुणा' म्हटलंय. पाहुणा खरा, पण त्याचे चुलतभाऊ येऊरला राहतात. (म्हणून कोणी कुंडीतली पानं चिरायला घेऊ नये. मांजराने चावली तर विषबाधा होत नाही, एवढंच माहीत आहे. मांजरांना ती फार आवडतात आणि मग ती ओकतात.)

तर विकत घेण्याबद्दल. हे झाड विकत आणणं म्हणजे विरजण विकत आणण्यासारखं आहे. दही संपलं तर आपण शेजारी वाटी घेऊन जातो. चमचाभर मिळतं, तेवढं पुरतं, आणि पुढच्या महिन्यात त्यांचं बिघडलं की ते आपल्याकडे येतात. स्पायडरचंही तसंच. एका झाडाला वर्षात दहा-पंधरा पिल्लं सहज लोंबतात. ज्याच्या खिडकीत लोंबताना दिसतील त्याची बेल वाजवावी. आजवर या कारणासाठी मला कोणी नाही म्हटलेलं नाही. उलट "घेऊन जा हो, किती झालीत बघा" असंच ऐकायला मिळतं.

आमची जुनी इमारत तीन मजली होती, बारा बिऱ्हाडं. हिच्या त्या एका 'फोडशी'ची पिल्लं बाराही घरांत गेली होती. मग इमारत पुनर्विकासाला गेली. सामान बांधताना जो तो आपापली कुंडी घेऊन गेला : कोणी डोंबिवलीला, कोणी ऐरोलीला, तळमजल्यावरचे काका मुलाकडे नेरुळला. आम्ही कळव्याला भाड्याने गेलो. तिथे आमची कुंडी अंधाऱ्या पॅसेजमध्ये राहिली. हिचं आजारपण सुरू झालं होतं, घरात येणारा-जाणारा प्रत्येक जण प्रेमाने त्या कुंडीत तांब्याभर पाणी ओतायचा. या झाडाची मुळं शतावरीसारखी जाड, मांसल असतात. ती आपल्यापुरतं पाणी साठवून ठेवतात. आठ दिवस विसरलात तरी झाड काही म्हणत नाही, पण रोज पाणी घातलंत तर मुळं आतून सडतात आणि वर पानांना कळायला महिना लागतो. मला कळलं तेव्हा मधला गाभा बोटाने नुसता वर आला. त्याच पावसाळ्यात ही गेली.

गेल्या वर्षी नव्या इमारतीत परत राहायला आलो. नेरुळचे काका वास्तुशांतीला आले ते हातात श्रीखंडाचा डबा घेऊन. मला वाटलं श्रीखंड. आत तेच झाड, हिच्याच झाडाचं नातवंड-पणतवंड. आमचं विरजण बिघडलं होतं, ते असं परत आलं. आता साडेतीनशे रुपयांच्या कुंडीला मी हे कसं समजावून सांगू?

आता बाटल्यांबद्दल. खरं म्हणजे पत्र लिहायला बसलो ते याच एका गोष्टीसाठी.

नव्या घरी आल्यावर उत्साहात मीही तुमच्या लेखातल्यासारख्या सहा बाटल्या मांडल्या होत्या. काचेच्या, मधाच्या रिकाम्या. स्वयंपाकघराच्या खिडकीत ओळीने ठेवल्या. जुलै महिना. पाणी स्वच्छ, मुळं पांढरीशुभ्र, सूनबाईंनी फोटोही काढले. दोनेक आठवड्यांनी आरोग्य खात्याची एक मुलगी टॉर्च घेऊन तपासणीला आली. गच्चीवरची टाकी पाहिली, फ्रिजमागचा ट्रे पाहिला, कुंड्यांखालच्या ताटल्या पाहिल्या. मग खिडकीपाशी थांबली.

"काका, हे काय ठेवलंय?"

"पिल्लं आहेत," मी म्हटलं, जरा कौतुकानेच.

तिने टॉर्च लावला. "पिल्लं आहेतच. पण डासांची."

मी चष्मा लावून पाहिलं. तिसऱ्या बाटलीत मुळांच्या मधोमध केसाएवढे करडे जीव, डोकं खाली आणि शेपटीची नळी पाण्याच्या पृष्ठभागाला लावून तिरपे लटकलेले. बाटलीवर हात फिरवला, सावली पडली, तसे सगळे वळवळत तळाला गेले. एक-दोन स्वल्पविरामासारखे बाक आलेले होते. ते म्हणे कोषावस्थेतले, दोन दिवसांत डास होऊन उडाले असते. चार बाटल्यांत होते. दोन बाटल्यांची तोंडं अरुंद, त्यात पानं घट्ट बसलेली, त्या वाचल्या.

तिने मला जे सांगितलं ते लेखात चौकटीत यायला हवं होतं. डेंग्यूचा आणि चिकुनगुनियाचा डास, एडिस, गटारात वाढत नाही. त्याला तुमच्या-माझ्या घरातलं साचलेलं स्वच्छ पाणी लागतं आणि तो चावतो दिवसा. अंड्यापासून उडणारा डास व्हायला आपल्या हवेत आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस घरातलं प्रत्येक भांडं कोरडं करायचं. मी म्हटलं, मी पाणी बदलत होतो की. ती म्हणाली, "काका, पाणी बदलता, बाटली घासता का?" मादी अंडी पाण्यात टाकत नाही, पाण्याच्या रेषेच्या वर ओलसर काचेला चिकटवते. पाणी ओतून दिलं तरी ती तिथेच राहतात, कोरडी पडूनही महिनोन्महिने जगतात, आणि पुन्हा पाणी भरलं की फुटतात. मी दर आठवड्याला ताजं पाणी घालून त्यांची सोयच करत होतो. तिने बाटल्या मोरीत ओतू दिल्या नाहीत. खाली नेऊन तापलेल्या फरशीवर ओतायला लावल्या, योगायोगाने त्या दिवशी ऊन होतं.

आपली पुरवणी ठाण्यापासून पनवेलपर्यंत घरोघरी जाते. त्यातल्या शंभर घरांनी जरी पाच-पाच बाटल्या मांडल्या तरी पाचशे झाल्या, आणि लेख आला कधी, तर जूनच्या पहिल्या रविवारी. माझं म्हणणं एवढंच आहे की या झाडाला बाटलीची गरजच नाही.

ती का नाही, हे माझ्या धंद्याच्या भाषेत सांगतो. जुन्या केबलवरची लाइन नव्या केबलवर घ्यायची असेल तर आम्ही जुनी आधी तोडत नसू. नवी समांतर जोडायची, तपासायची, पलीकडून "हॅलो, येतंय" ऐकायचं आणि मगच जुनी कापायची. हे न पाळणाऱ्याने एकदा एका आख्ख्या दवाखान्याचे फोन बंद पाडले होते. (तो मीच. १९८४.) स्पायडरच्या पिल्लाची लाइन आईशी जोडलेलीच असते. त्या पिवळसर दांड्यातून त्याला पाणी आणि अन्न येत असतं. ते आधी तोडायचं, उपाशी ठेवायचं आणि मग बाटलीत घालून मुळं फुटायची वाट बघायची, हा उफराटा कारभार कशासाठी?

मी करतो ते असं. पिल्लू उलटं करून तळ बघायचा. पानं जिथे एकत्र येतात तिथे तांदळाच्या कणीएवढे पांढरट टोकदार कोंब दिसतात. हीच मुळं, मातीची वाट बघत थांबलेली. कोंब दिसत नसतील तर पिल्लू अजून कच्चं आहे, राहू द्यावं. दिसले की श्रीखंडाचा किंवा दह्याचा अर्ध्या किलोचा डबा घ्यायचा. गॅसवर दाभण तापवून तळाला पाच-सहा भोकं पाडायची. भोकं हवीतच. दोन वाट्या लाल माती, एक वाटी कोकोपीट, एक वाटी गांडूळखत, मूठभर जाडी वाळू. डबा आईच्या कुंडीशेजारी ठेवायचा, नाहीतर ग्रिलला तारेने अडकवायचा, दांडा ताणला जाणार नाही एवढ्या अंतरावर. पिल्लू मातीवर नुसतं बसवायचं. खोल पुरायचं नाही, फक्त कोंब मातीत जावेत आणि पानांचा मधला गाभा वर राहावा. गाभ्यात माती गेली की तो कुजतो. मग ते हलू नये म्हणून दांड्यावर एक आकडा रोवायचा.

हा आकडा म्हणजे पूर्वी आमच्या जंपर वायरचा तुकडा असायचा, दुमडून यू केलेला. आता ती वायर संपली. हिच्या अंबाड्याच्या आकड्यांची एक डबी कपाटात होती, काळे, टोकाला गोल थेंब असलेले. अगदी मापाचे निघाले. दहा रोवले आहेत, एक डबीत ठेवला आहे.

माती ओलसर ठेवायची, चिखल नाही. उजेड भरपूर, ऊन नको. मे महिन्यात आमच्या पश्चिमेच्या ग्रिलमध्ये दुपारी तीनच्या उन्हात पानं भाजून कागदासारखी झाली होती. दोन ते तीन आठवड्यांनी पिल्लाची पानं चिमटीत धरून अलगद वर ओढून बघायची. सुटून आलं तर पुन्हा बसवून गप्प बसायचं. हाताला खालून ओढ लागली तर लाइन लागली. तरीही मी आणखी आठ दिवस थांबतो. मग कात्रीने दांडा कापायचा. या पद्धतीने केलेल्यांत माझं आजवर एकही पिल्लू मेलेलं नाही. बाटलीतून मातीत लावलेल्यांपैकी निम्मी तरी पहिले पंधरा दिवस रुसून बसतात, कारण पाण्यात वाढलेली मुळं ठिसूळ असतात, मातीत घालताना तुटतात आणि झाडाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. ज्यांना बाटलीच हवी आहे त्यांनी निदान मुळं इंचभर झाली की पुरे म्हणावं, तोंडाला कापसाचा बोळा लावावा आणि दर आठवड्याला बाटली आतून ब्रशने घासावी. आणि हे सगळं दिवाळीनंतर करावं.

दिवाळीनंतर म्हणण्याला दुसरंही कारण आहे. "आमच्या झाडाला पिल्लंच येत नाहीत" ही तक्रार मला लिफ्टमध्ये नेहमी ऐकू येते. या झाडाला दांडे सुटतात ते दिवस लहान झाले की. आपल्याकडे जूनमध्ये दिवस सव्वातेरा तासांचा असतो, डिसेंबरात अकराचा. आमच्या जुन्या घरी एक कुंडी हॉलमध्ये होती, टीव्हीच्या बाजूला. रात्री बारापर्यंत ट्यूबलाइट. तीन वर्षांत तिला एक दांडा आला नाही. मी आधी खत घातलं, मग आणखी खत घातलं, पानं झाली हातभर लांब. शेवटी हिने ती उचलून झोपायच्या खोलीच्या खिडकीत नेली, तिथे आठ-साडेआठला दिवा मालवायचा. दसरा झाला आणि दांडा आला. मला वाटलं खताचा गुण. ही म्हणाली, झोप मिळाली त्याला. कुंडी फार मोठी असेल तरीही पिल्लं लांबतात. आधी मुळांनी कुंडी भरली पाहिजे.

हा दांडा मुळात फुलांचा असतो, हेही बहुतेकांच्या लक्षात येत नाही. त्यावर आधी पांढरी सहा पाकळ्यांची फुलं येतात, चमकीहून मोठी, जुन्या चार आण्यांहून लहान. एकेक फूल दिवसभराचं. फुलं गळतात आणि त्याच पेरांतून पानांचे झुबके फुटतात. रेल्वेच्या कडेला घायपाताचा बांबूएवढा दांडा पाहिला असेल, त्याच्या शेंड्याकडे अशीच तयार रोपं लागतात आणि गळून खाली रुजतात. घायपात, शतावरी आणि स्पायडर एकाच मोठ्या कुळातले, हे मला माझ्या नातीच्या पुस्तकातून कळलं.

फुलांतून कधीकधी तीन धारांची बोंडं धरतात, आत काळ्या चपट्या बिया. मी हौसेने आठ लावल्या होत्या. आठही उगवल्या आणि आठही निव्वळ हिरवी, आईचा पांढरा पट्टा एकालाही नाही. पट्टा हवा तर पिल्लूच लावायला हवं. पट्टा मधोमध पांढरा आणि पानं कुरळी असतील ती एक जात, कडा पांढऱ्या असतील ती दुसरी. निव्वळ हिरवी नर्सरीत 'दुर्मिळ' म्हणून जास्त भावाने ठेवलेली मी पाहिली आहेत. माझ्याकडची आठ मी लिफ्टजवळ ठेवली, दोन दिवसांत उचलली गेली.

कुंडी फुटेपर्यंत मुळं झाली तर मात्र पिल्लांची वाटच बघायला नको. आमची एक प्लास्टिकची कुंडी बाजूने उभी तडकली होती. बाहेर काढलं तर मातीपेक्षा मुळंच जास्त, दह्याच्या कवडीसारखा घट्ट गोळा, कुंडीच्या आकाराचा. हिने भाकरीच्या सुरीने त्याचे चार भाग केले, प्रत्येकाला थोडा गाभा आणि थोडी मुळं येतील असे. मी बघत होतो आणि माझ्याच्याने ते झालं नसतं. चारही जगले.

पानांची टोकं तपकिरी पडतात, त्याबद्दल आपल्या लेखात 'पाणी कमी पडल्याची खूण' असं आहे. ते कधीकधी खरं असेल. पण या झाडाला पाण्यातलं क्लोरीन, फ्लोराइड आणि साठलेले क्षार मानवत नाहीत, आणि खत जास्त झालं तरी हेच होतं. कमी पाणी म्हणून लोक आणखी पाणी घालतात, आणि मग आमच्या कळव्याच्या पॅसेजची गोष्ट होते. मी नळाचं पाणी बादलीत रात्रभर ठेवतो (वर फडकं बांधून, त्या मुलीची आठवण ठेवून) म्हणजे क्लोरीन तरी बरंच उडून जातं. पावसाचं पाणी मिळालं तर उत्तम. महिन्यातून एकदा कुंडी बाथरूममध्ये नेऊन खालून धो धो निघेल इतकं पाणी ओततो, त्याबरोबर क्षार वाहून जातात. कापायचीच टोकं तर तिरपी कापावीत, पानाच्या आकाराला धरून, नाहीतर न्हाव्याने घाईत केलेल्या केसांसारखं दिसतं.

उरली हवा. 'नासाने सिद्ध केलंय' असं लेखात आहे. नासाचा तो अहवाल १९८९चा. त्यात झाडं बंद पेटीत ठेवून पेटीतल्या हवेतले वायू मोजले होते. तुमच्या-माझ्या घराला दारं-खिडक्या आहेत. २०१९ साली अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी अशा जुन्या प्रयोगांचे आकडे घेऊन हिशोब मांडला. नुसत्या खेळत्या हवेने जेवढं काम होतं तेवढं झाडांकडून करून घ्यायचं तर जमिनीच्या दर चौरस मीटरला दहापासून हजारापर्यंत कुंड्या लागतील. आमच्या हॉलमध्ये त्यातल्या कमीत कमी आकड्यानेही दीडशेच्या वर कुंड्या होतात. मग माणसं जिन्यात. मी दर रविवारी ओल्या फडक्याने पानं पुसतो आणि फडकं काळं होतं. तीन हात नाक्याकडून येणारी धूळ ती. झाड हवा साफ करतं की हवा झाडाला घाण करते, हे फडक्याकडे बघून ज्याने त्याने ठरवावं. मला झाड आवडतं, हे कारण मला पुरतं.

पत्र लांबलं. जागेअभावी कापलंत तर माझी हरकत नाही. घायपात कापा, नासा कापा, १९८४ तर कापाच. फक्त बाटली आतून घासायची ती चार वाक्यं पावसाच्या आत छापा. शक्य झालं तर त्याच पानावर, त्याच जागी, जिथे ते बाटल्यांचे फोटो होते.

सध्या ग्रिलला दहा डबे लटकले आहेत. सातांची लाइन लागली आहे, त्यातली पाच बोलली गेली आहेत. ज्या बाईंनी लेख लिहिला त्यांच्यासाठी मी एक वेगळं धरलं आहे, पांढऱ्या कडेचं, मंगळवारी आकडा रोवला. त्याचा दांडा अजून कापलेला नाही. दिवाळीच्या आधी ते आपल्या ठाण्याच्या कार्यालयात आणून देतो. डबा तेवढा परत हवा.

आपला,
नौपाड्यातला एक जुना वाचक

ता. क. नाव छापू नये. सोसायटीत ग्रिलला काही लटकवायचं नाही असा ठराव झाला आहे, आणि सेक्रेटरी आपलंच वर्तमानपत्र घेतात.